देव्हाऱ्यातली चकती आणि भिंतीवरचा फोटो

वाचकाचं पत्र:

नमस्कार. माझं माहेर पाटण तालुक्यातलं, आता ठाण्यात राहते. माहेरच्या जुन्या घराची वाटणी झाली आणि पणजोबांचे दोन फोटो माझ्याकडे आले. एकात ते लष्करी वेषात खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे आहेत. दुसऱ्यात उतारवयात, शाळेच्या पटांगणात, धोतर, कोट आणि फेटा, छातीवर चार मेडलं. ती मेडलं आता कुणाकडेच नाहीत. घरात लहानपणापासून ऐकत आलोय की पणजोबा पहिल्या जर्मनच्या लढाईत कुटच्या वेढ्यात सापडले, घोड्याचं मांस खाऊन जगले आणि सुभेदार होऊन परत आले. एक काका तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता म्हणतात. पणजोबा १९७६ साली वारले, पासष्टीचे होते. त्यांची पलटण फोटोवरून कळेल का? आणखी एक. देव्हाऱ्यात बशीएवढी एक काळपट, जड चकती आहे. तिच्यावर एक बाई, एक सिंह आणि इंग्रजी अक्षरं. आजी तिला रोज हळदकुंकू वाहायची. आडनाव आमचंच आहे, पण नाव पणजोबांचं नाही. इंग्रजांनी चुकवलं असेल. नव्या घरात देव मांडताना ती ठेवावी की काढून टाकावी?

उत्तर:

ताई, तुम्ही पाठवलेले दोन्ही स्कॅन आणि चकतीचा मोबाइलवर काढलेला फोटो मी दोन दिवस पुन्हा पुन्हा पाहिला. फोटोकडे वळण्याआधी एक साधी वजाबाकी करू. पणजोबा १९७६ मध्ये पासष्टीचे होते, म्हणजे जन्म १९११ च्या आसपासचा. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुटचा वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला. तेव्हा तुमचे पणजोबा चार-पाच वर्षांचे होते. वय सांगताना घरात पाच-सात वर्षांची चूक झाली असेल असं धरलं तरी ते कुटला असणं शक्य नाही.

पण म्हणून घरातली गोष्ट खोटी ठरत नाही. माझं मत असं आहे की तुमच्या घरात दोन शिपाई होऊन गेले आणि साठ-सत्तर वर्षांत दोघांची मिळून एकच गोष्ट झाली. एक फोटोत आहे, दुसरा देव्हाऱ्यात.

आधी फोटोतला.

पहिल्या फोटोत हाफ पँट आहे. तिच्यावरून काहीच ठरवू नका. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेले आपले शिपाईही उन्हाळ्यात हाफ पँट घालत. फरक कळतो तो कमरेला, पायाला आणि डोक्याला. पहिल्या युद्धातला हिंदी पायदळाचा शिपाई बहुतेक वेळा मांडीपर्यंत येणाऱ्या खाकी कुडत्यात दिसतो. वर चामडी पट्टा, छातीवरून तिरका काडतुसांचा चामडी पट्टा, डोक्याला पागोटं आणि पायाला घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत गुंडाळलेल्या पट्ट्या. या पट्ट्यांची एक खूण लक्षात ठेवा, कधीतरी उपयोगी पडेल: पायदळाचा शिपाई घोट्याकडून वर गुंडाळत जाई आणि शेवट गुडघ्याखाली बांधी, घोडदळाचा वरून खाली येई आणि शेवट घोट्याशी बांधी. गाठ कुठे आहे तेवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं.

तुमच्या पणजोबांच्या पायाला त्या लांब पट्ट्या नाहीत. लोकरी मोज्यांवर घोट्यापुरतं आखूड बांधलेलं आहे. कमरेचा पट्टा चामड्याचा नाही, जाड विणीच्या कॅनव्हासचा आहे, रुंद, टोकांना पितळी पट्ट्या. शर्टची कॉलर उघडी. डोक्यावर नमद्याची रुंद काठाची हॅट, एक काठ वर वळवलेला. हा सगळा सरंजाम दुसऱ्या महायुद्धाचा आहे. दंडावर दोन फिती आहेत, म्हणजे हा फोटो काढला त्या दिवशी पणजोबा नाईक होते. एक फीत असती तर लान्स नाईक, तीन असत्या तर हवालदार. सुभेदाराच्या दंडावर फिती नसतात, खांद्यावर दोन तारे असतात. पुढे बढती मिळाली असेलही, ते कागदच सांगतील. मात्र आपल्याकडे गावात पेन्शन घेऊन आलेल्या गड्याला मानाने ‘सुभेदार’ म्हणायची रीत होती आणि तो मान त्यांनी कमावलेलाच होता. घरात तुम्ही त्यांना सुभेदार म्हणत असाल तर खुशाल म्हणत राहा, सरकारी अर्जात मात्र फोटोत दिसतो तोच हुद्दा लिहा.

फोटोच्या मागे बेळगावच्या स्टुडिओचा शिक्का आहे. बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं भरतीचं आणि कवायतीचं ठाणं. तिथे शिकून पलटणीत जाण्याआधी घरी पाठवायला फोटो काढणं हा रिवाजच होता. पण नुसत्या शिक्क्यावर थांबू नका, कारण १ ऑक्टोबर १९४१ ला महार रेजिमेंटही बेळगावातच उभी राहिली. आणि आडनावावरून तर पलटण कधीच ठरवू नये. एकच आडनाव आपल्याकडे किती जातींत आणि किती गावांत असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय सातारा जिल्ह्यातली मुलं खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये जात, तोफखान्यात जात, खेचरांच्या तुकड्यांत जात, नौदलातही जात. निकाल खांद्यावरच्या बिल्ल्याने लागतो. तुमच्या स्कॅनमध्ये डाव्या खांद्यावर एक चमकणारी कमान दिसते, पण अक्षरं फुटतात. फोटो काचेतून न काढता जमेल तसा तिरका धरून, तेवढाच भाग १२०० डीपीआयला पुन्हा स्कॅन करून घ्या. हॅटवर किंवा बटणावर रणशिंगासारखं बिगुल दिसलं तर तो लाइट इन्फंट्रीचा मार्ग आहे. कोरेगावचा जयस्तंभ दिसला तर महार रेजिमेंट.

इथे एक कळकळीची विनंती. फोटो ‘सुधारायला’ कुणाकडे देऊ नका आणि मोबाइलवरच्या रंग भरणाऱ्या ॲपमध्येही टाकू नका. आमच्या घरी आजोबांचा असाच एक फोटो होता. वडिलांनी तो मोठा करून घ्यायला एका स्टुडिओत दिला. त्यांनी चेहरा सुरेख उजळला, पण खांद्यावरची पितळी अक्षरं डाग समजून पुसून टाकली, आणि मूळ फोटो मागितला तेव्हा तो सापडेना. आजोबांची पलटण आम्हाला त्यानंतर अकरा वर्षांनी कळली, तीही दुसऱ्याच्या घरातल्या ग्रुप फोटोवरून. आजची ॲप तर न दिसणारी रिबन स्वतःच्या मनाने रंगवतात. एकदा तो रंग डोळ्यांत बसला की खरा फोटो पाहतानाही तोच दिसायला लागतो.

आता दुसरा फोटो, पटांगणातला. माझ्या दृष्टीने दोघांत हाच मोलाचा.

आधी फोटो उलटा छापलेला नाही ना ते पाहायचं. कोटाची बटणं पुरुषाच्या बाजूने आहेत, मेडलं त्यांच्या स्वतःच्या डाव्या छातीवर आहेत, म्हणजे फोटो सुलटा आहे आणि मेडलं त्यांचीच आहेत. उजव्या छातीवर असती तर वडिलांची किंवा भावाची घातली असा अर्थ निघाला असता. चारपैकी बटणांकडची दोन सहा टोकांचे तारे आहेत, बाहेरची दोन गोल. पितळी रंगाचे सहा टोकांचे तारे ही दुसऱ्या महायुद्धाची ठळक खूण. पहिल्या युद्धाचा तारा वेगळा, त्याला चार टोकं आणि मधून फुलीसारख्या दोन तलवारी.

आता रिबन. मोठं करून पाहा. पहिल्या ताऱ्याच्या रिबनवर तीन सारख्या रुंदीचे पट्टे आहेत आणि दोन कडा एकसारख्या नाहीत: एक गडद, एक फिकट. हा १९३९-४५ चा तारा, गडद निळा, लाल, आकाशी. दुसऱ्यावर पाच सारखे पट्टे, गडद-पांढरा-गडद-पांढरा-गडद. जुन्या फिल्मचा एक गुण ध्यानात घ्या. तिच्यातल्या पुष्कळ फिल्मना लाल रंग दिसत नसे, लाल काळाच उमटायचा आणि निळा अनपेक्षित फिकट यायचा. त्यामुळे काळ्यापांढऱ्या फोटोतल्या छटेवरून रंग सांगणं धोक्याचं. पण पट्ट्यांची संख्या आणि रुंदी फसवत नाही, आणि पांढरा कुठल्याही फिल्मवर पांढराच येतो. पाच सारखे पट्टे, त्यांत दोन पांढरे, ही रिबन इटली स्टारची: लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल. बर्मा स्टारला मधोमध रुंद लाल पट्टा असतो, तो इथे नाही. बाहेरची दोन गोल मेडलं म्हणजे वॉर मेडल आणि बहुधा इंडिया सर्व्हिस मेडल. त्यांच्यावर मी फार वेळ घालवणार नाही, ती लाखो जणांना मिळाली.

तर तुमचे पणजोबा इटलीत होते. हिंदी सैन्याच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या अशा तीन डिव्हिजन तिथे लढल्या. मराठ्यांची पहिली बटालियन आठव्या डिव्हिजनमध्ये होती, तिसरी दहाव्या डिव्हिजनमध्ये. आणि व्हिक्टोरिया क्रॉसची, म्हणजे शौर्याच्या सर्वांत मोठ्या ब्रिटिश पदकाची, काकांची आठवण कुठून आली असेल हेही इथेच कळतं. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोघांना तो मिळाला, दोघांनाही इटलीत. तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले, १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या मोर्च्यावर चालून गेले आणि तिथेच पडले. पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना पाण्यातून, सुरुंगांतून पलीकडे घेऊन आले. पणजोबा यांपैकी एखाद्या बटालियनमध्ये असतील तर आयुष्यभर त्यांनी घरी या गोष्टी सांगितल्या असणार आणि पोरांनी त्या आजोबांच्याच धरल्या असणार. पहिल्या युद्धाच्या ‘व्हिक्टरी मेडल’चंही पुष्कळ घरांत पुढे ‘व्हिक्टोरिया मेडल’ झालंय. काकांना खोटं पाडायला जाऊ नका. पणजोबा ही गोष्ट कुणाविषयी सांगायचे, एवढंच विचारा.

आता देव्हाऱ्यातला.

ताई, ती चकती बक्षीस नाही. सुमारे बारा सेंटिमीटर व्यासाचं काशाचं स्मृतिफलक आहे ते. पहिलं महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश सरकारने ते मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी पाठवलं, फक्त मेलेल्या. बाई म्हणजे ब्रिटानिया, हातात पानांचं कडं धरलेलं, पायाशी सिंह. कडेने इंग्रजीत लिहिलंय त्याचा अर्थ ‘तो स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मरण पावला’ असा आहे. त्या कड्याखालच्या चौकटीत उठावाच्या अक्षरांत नुसतं नाव, हुद्दा नाही, कारण मेल्यावर सगळे सारखे असं त्यांनी ठरवलं होतं. कुणाच्या स्वातंत्र्यासाठी, हा प्रश्न पाटणच्या माणसाला तेव्हा कुणी विचारू दिला नसता, मला मात्र ती ओळ वाचताना दर वेळी तो पडतो.

म्हणजे इंग्रजांनी नाव चुकवलेलं नाही. ते दुसऱ्याच माणसाचं नाव आहे. तुमच्याच घरातला, तुमच्याच आडनावाचा, पणजोबांच्या आधीच्या फळीतला कुणीतरी: त्यांचा खूप मोठा भाऊ, चुलता, कदाचित वडीलही. तो गेला आणि परत आला नाही. कुटची गोष्ट त्याची असावी. तिथल्या वेढ्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. अन्न संपत आलं तेव्हा घोडी-खेचरं मारून खावी लागली आणि आपल्या पुष्कळ शिपायांनी ते मांस तोंडाला लावायला आधी नकार दिला, हाही इतिहास आहे. शेवटी सुमारे १३ हजार माणसं कैद झाली आणि वाळवंटातून पायी हाकलली गेली. त्यातले किती वाटेत आणि कैदेत मेले ते आठवलं तरी जीव कासावीस होतो. घोड्याच्या मांसाची गोष्ट पाटणपर्यंत पोचली, म्हणजे कुणीतरी सोबती जिवंत परत आला आणि तुमच्या घरी येऊन बसला, त्याने ती सांगितली. चकतीवर मात्र जागा लिहिलेली नाही. तो कुटला गेला की बसऱ्याच्या दवाखान्यात की आणखी कुठे, हे अजून शोधायचंय.

त्याला शोधणं तुलनेने सोपं आहे, कारण मेलेल्यांची यादी आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव घालून फुकट शोधता येतं. आडनावाचं स्पेलिंग पाच तऱ्हेने घालून पाहा. त्या काळच्या कारकुनांनी पवारचं पोवार केलं, शिंदेचं सिंदे केलं, जाधवचं जाधाओ. नावावर विश्वास ठेवू नका, गावावर ठेवा: हिंदी शिपायांच्या पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव, पाटण, सातारा असं सगळं लिहिलेलं असतं. मेसोपोटेमियात मेलेल्यांची नोंद बहुधा बसरा मेमोरियलखाली निघेल. त्या भिंतीवर नाव कोरलेलं मिळेल अशी आशा मात्र धरू नका. हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत, साध्या शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा आहे. नाव मिळेल ते नोंदवहीत. पलटणीचा नंबर तीन आकडी निघाला की ओळखा, १९२२ च्या आधीचा काळ. त्या वर्षी या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री केली, म्हणून पुढच्या कागदांत ३/५, १/५ असं दिसतं, म्हणजे पाचव्या मराठाची तिसरी किंवा पहिली बटालियन.

गावातही पाहा. चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी असेल: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके मेले. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून त्या युद्धात ४६ जण कामी आले, म्हणून गावाच्या नावापुढे आजही ‘मिलिटरी’ लागतं. तुमच्या गावची पाटी चुन्याच्या थरांखाली गेली असेल तर सरपंचांना सांगून हलक्या हाताने धुऊन घ्या.

पणजोबांसाठी वाट वेगळी. ते जिवंत परतले, पेन्शन घेतली, म्हणजे बिल्ला मराठ्यांचा निघाला तर त्यांचा कागद बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेकॉर्ड ऑफिसशी जुळायला हवा. त्याला शिपाई नंबर लागतो. डिस्चार्ज बुक, पेन्शन बुक, पणजीच्या कुटुंब पेन्शनचा कागद, काहीही चालेल, आणि वाटणीत जुन्या कागदांची ट्रंक ज्यांच्याकडे गेली असेल त्यांच्याकडे हे सगळं असणार. नंबर मिळाला की साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन अर्ज कसा करायचा ते विचारा. ती माणसं अशा अर्जांना सरावलेली असतात.

आणि माहेरी दोन प्रश्न विचारायला विसरू नका. पहिला: पितृपंधरवड्यात चतुर्दशीला कुणाच्या नावाने पान वाढतात का? ज्याला शस्त्राने मरण आलं त्याचं श्राद्ध त्या दिवशी घालतात. वंशावळीत नाव हरवलेलं असतं, पण त्या दिवशीच्या पानावर ते निघतं, हे मी तीन घरांत अनुभवलंय. दुसरा: तुमच्याकडे घराण्याची वंशावळ लिहिणारा हेळवी येत असेल तर त्याच्या चोपडीत पणजोबांच्या बापाला किती भाऊ आणि किती मुलगे लिहिलेत?

चकती ठेवायची की काढायची, हे तुम्ही विचारलंत. ठेवा. आजीला इंग्रजी येत नव्हतं, तरी ती कुणाची आहे हे तिला कुणीतरी सांगितलेलं असणार. चिंचेने किंवा पितांबरीने घासू मात्र नका, उठावाची अक्षरं झिजतात. हळदकुंकवाचा थर सुक्या मऊ फडक्याने पुसा, वर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा, नाव कागदावर उमटेल. तो कागद मला पाठवा. मोबाइलच्या फोटोत आडनाव स्पष्ट आहे, पण पहिल्या नावाची दोन अक्षरं कुंकवाखाली आहेत.